पाच डिस्कांवरचं कुंकू

साल २००३, दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. जागा : शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीची सर्व्हर रूम, म्हणजे पूर्वीची स्टेशनरीची खोली.

हजर : मी, सुलभा चौगुले, कॉम्प्युटर विभाग. भास्कर कांबळे, ड्रॉइंग सेक्शन, दारात उभे. फोनवर : पुण्याचा सर्व्हिस इंजिनिअर. थोड्या वेळाने हजर : मालक दादासाहेब आणि मेंटेनन्सचे दत्तूमामा.

ही नोंद माझ्या त्या वेळच्या रजिस्टरातली आहे. तिच्याखाली पहिली ओळ आहे : 'सर्व्हर सुरू केला. सतत बीप.'

सर्व्हर म्हणजे अख्ख्या ऑफिसचं कपाट. फौंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. साच्यासाठी आधी लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न करायचा तर ड्रॉइंग लागतं. आमची सगळी ड्रॉइंग त्या एका सर्व्हरवर होती. त्यात पाच डिस्क होत्या, समोरच्या बाजूला पाच खणांत उभ्या बसवलेल्या. या पाच मिळून एक मोठी डिस्क असल्यासारखं काम करत. एक गोष्ट पाच वह्यांत लिहावी, पहिलं पान पहिल्या वहीत, दुसरं दुसऱ्या वहीत, असं फिरवत फिरवत, तशी ती माहिती पाचांवर वाटलेली असे. शिवाय प्रत्येक फेरीत एका वहीत बाकीच्यांचा गोषवारा. त्यामुळे एखादी वही जळाली तरी उरलेल्या चारांवरून ती परत लिहिता येते. व्यवस्था चांगली आहे. अट एकच. कुठली वही कितवी, हे माहीत पाहिजे.

"मॅडम, स्क्रीनवर काय आहे ते वाचा," पुण्याचा इंजिनिअर म्हणाला.

"लॉजिकल ड्राइव्ह ऑफलाइन." म्हणजे पाचांची मिळून झालेली ती एक डिस्क बंद. "पाचही दिवे केशरी."

"बरं. आता तो काही विचारेल, कशालाही 'येस' म्हणू नका. डिस्क कुणी काढल्या होत्या का?"

"नाही. रजिस्टरात तशी नोंद नाही."

"रजिस्टरात नव्हे मॅडम, प्रत्यक्षात."

कांबळे दारातून म्हणाले, "मॅडम, गिअरबॉक्सचं ड्रॉइंग उघडत न्हाई. रिव्हिजन सी."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही तुमच्या टेबलावर बसा."

ते गेले. चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

इथे कांबळेंबद्दल सांगायला हवं, कारण ते गाळून पुढचं सांगितलं तर ते अर्धंच होईल. मला त्यांचा हेवा वाटत असे. साधा नव्हे, रोज सकाळी कार्ड पंच करताना सुरू होणारा. ते मलकापूरजवळच्या गावाहून एसटीने येत आणि तरी माझ्याआधी टेबलावर असत. मी ताराबाई पार्कातून स्कूटरवर येत असे. माझ्याकडे कॉम्प्युटरची पदविका होती. ते आयटीआय करून ट्रेसर म्हणून लागले होते, ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायला, आणि कॉम्प्युटर आल्यावर जेवणाच्या सुट्टीत बसून बसून स्वतःच शिकले होते. मशीन शॉपमधले लोक त्यांना 'कांबळेसाहेब' म्हणत. मला 'कॉम्प्युटरवाल्या बाई'. दादासाहेब चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभे राहत. माझ्या टेबलापाशी ते फक्त प्रिंटर अडकला की येत.

त्यात त्या वर्षी 'सिस्टीम्स मॅनेजर' ही नवी जागा निघणार होती. दिवाळीआधी नाव जाहीर होणार, आणि नावं दोनच, माझं आणि त्यांचं. बारा वर्षं मी त्या फौंड्रीत याद्या केल्या होत्या. जागा मला हवी होती. त्याहून जास्त, ती त्यांना मिळायला नको होती.

आणि परवा, म्हणजे दोनच दिवसांनी, पुण्याच्या ग्राहकाची माणसं गिअरबॉक्सच्या पहिल्या कास्टिंगची, म्हणजे ओतून काढलेल्या भागाची, तपासणी करायला येणार होती. तपासणी रिव्हिजन सी या सुधारलेल्या ड्रॉइंगवरून. ते फक्त सर्व्हरवर होतं. पॅटर्न शॉपमधले सुतारही दुसऱ्या नमुन्यासाठी त्याच ड्रॉइंगची वाट बघत हात चोळत बसले होते.

इंजिनिअर म्हणाला, "मशीन पूर्ण बंद करा. डिस्क काढून परत घट्ट बसवा. एका वेळी एकच. कधी कधी नुसती हललेली असते. मी अर्ध्या तासाने फोन करतो."

मशीन बंद केलं. उजव्या टोकापासून सुरुवात केली. डिस्कच्या डब्याला पुढे एक मूठ असते, ती ओढली की डबा ड्रॉवरसारखा बाहेर येतो.

डब्याच्या वरच्या चकचकीत पत्र्यावर हळद-कुंकू होतं.

पुढच्या बाजूला असतं तर काही वाटलं नसतं. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक मशीनला हळद-कुंकू लागतं, सर्व्हरलाही. पण हे आतल्या पत्र्यावर होतं. म्हणजे ही डिस्क बाहेर आली होती. आणि ती का बाहेर आली असेल, हे मला त्याच क्षणी आठवलं. खंडेनवमीच्या सकाळी सर्व्हर बंद करून, समोरच्या झडपेची किल्ली तशीच लटकत ठेवून, हातात पूजेची यादी घेऊन मी दत्तूमामांना म्हणाले होते, "मामा, धूळ फार झालीय. या वर्षी जरा आतूनबाहेरून पुसून घ्या." मग फर्नेसकडे निघून गेले होते. परत आल्यावर यादीत 'सर्व्हर – पूजा झाली' यावर टिक केली होती.

माझ्या ड्रॉवरमध्ये पिवळं फडकं असे. ते काढलं आणि डिस्क पुसली. चांगली घासून, पत्रा लखलखीत होईपर्यंत. स्वच्छतेसाठी नव्हे. कुणी बघू नये म्हणून. त्यातही कांबळेंनी. फडकं परत ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर लावला, आणि पाठीमागून आवाज आला.

"ओ मॅडम! माझी ड्रॉइंगं कुठं हाईत?"

दादासाहेब. त्यांच्यामागे कांबळे.

"आहेत साहेब. सर्व्हर जरा... बॅकअप आहे आपल्याकडे. दर शुक्रवारी घेते."

"मग लावा की तो बॅकअप. वाट कसली बघतासा?"

बॅकअप म्हणजे रोजच्या कामाची दुसरी प्रत. आम्ही ती कॅसेटसारख्या टेपवर घेत असू. रजिस्टरात दर शुक्रवारपुढे माझी टिक होती, हिरव्या शाईची, एकही चुकलेली नाही. शेवटची टेप दुसऱ्या मशीनच्या ड्राइव्हमध्ये घातली. मशीनने ती पुढे-मागे फिरवली आणि सांगितलं की वाचता येत नाही. त्याच्या आधीची घातली. तीही नाही. त्याच्याही आधीची. वाचता आलेली सगळ्यात नवी टेप मे महिन्यातली निघाली. ड्राइव्हच्या हेडवर फौंड्रीची काळी धूळ बसली होती. मे महिन्यापासून मी दर शुक्रवारी टेप घालत होते, टेप फिरत होती, मी टिक करत होते, आणि टेपवर काहीच उमटत नव्हतं.

रिव्हिजन सी ऑगस्टमधलं.

याच खोलीत जूनमध्ये कांबळे मला म्हणाले होते, "मॅडम, एकदा टेपवरनं एखादं ड्रॉइंग परत आणून बघूया की. येतंय का ते तरी कळंल." मी म्हणाले होते, "बॅकअप माझं काम आहे, कांबळे. तुम्ही रेघा मारा." आता ते नुसते त्या टेपकडे बघत होते. त्यांनी मला टोमणा मारायला हवा होता. मी मारला असता.

दादासाहेबांनी फोन ओढून घेतला आणि स्वतः पुण्याच्या इंजिनिअरशी बोलले. मग स्पीकर चालू केला.

"पुन्हा विचारतो मॅडम," इंजिनिअर म्हणाला, "डिस्क बाहेर आल्या होत्या का?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आल्या असाव्यात. पूजेला."

पुण्यातल्या माणसाला फौंड्रीतली खंडेनवमी समजावून सांगायला वेळ लागतो.

"आणि परत कुठल्या खणात कुठली गेली?"

"दत्तूमामांना बोलवा," दादासाहेब म्हणाले.

दत्तूमामा आले ते हात पुसत. आमच्या फौंड्रीतले सगळ्यात जुने फिटर. पूजेचा मान त्यांचा. लेथ असो की कॉम्प्रेसर, नवमीला ते मशीनचं सुटं होईल ते सगळं सुटं करून पुसत.

"व्हय, काढली की," ते म्हणाले. "बाईंनीच सांगितलं आतनंभायरनं पुसा म्हणून. पाच डबं व्हतं. काढलं, पेपरवर वळीनं मांडलं, पुसलं, हळद-कुकू लावलं."

"मग परत जसेच्या तसे घातले ना?" मी विचारलं.

"तेवढ्यात भट्टीवर नारळ फोडायला हाक आली. जाऊन येतोय तर शिपायानं झाडून काढताना पेपर उचलून टेबलावर ठेवल्याला, आन् डबं सगळं ढिगात. मग हाताला येतील तशी घातली."

"हाताला येतील तशी?" दादासाहेबांचा आवाज खिडकीच्या काचेवर आदळला.

"मालक, रागावू नगा. मला सांगा, एकसारखा पार्ट असला की तो कुठंबी बसला पायजे का न्हाई? आमच्यात जोडीचा पार्ट असंल, ज्याचा त्यालाच बसणारा, तर पंचानं नंबर मारतोय आमी त्याच्यावर. ह्या डब्यांवर नंबर न्हाई. मला काय वाटणार? कुठंबी चालत्यात." मग माझ्याकडे वळून, "नंबर का मारला न्हाई बाई?"

याचं उत्तर माझ्या यादीत होतं. 'डिस्कांना लेबल लावणे.' सर्व्हर आला त्या महिन्यापासून ती ओळ दर महिन्याच्या यादीत मी न चुकता पुढे ओढत आले होते. ओळ सुवाच्य होती.

इंजिनिअर स्पीकरवर म्हणाला, "नवीन मशीन असतं तर डिस्क कुठेही घातल्या तरी त्याने ओळखल्या असत्या. तुमचं जुनं आहे, ते फक्त खण बघतं. पाच डिस्क म्हणजे एकशेवीस प्रकारे लागू शकतात. सकाळी ते नुसतं थांबलं हे नशीब. चुकीच्या क्रमाने परत सुरू केलं, तर मशीन आपण होऊन दुरुस्त करायला जातं, म्हणजे चुकीचं लिहून टाकतं. माझ्या मते एक प्रयत्न करा, फार तर दोन. त्यापेक्षा डिस्क मुंबईला पाठवा. तीन आठवड्यांत कळेल."

"तीन आठवड्यांत ती माणसं बेळगावच्या फौंड्रीत चहा पीत असतील," दादासाहेब म्हणाले.

मग कांबळे म्हणाले, "साहेब, डिस्क बघू का एकदा?"

त्यांनी मला विचारलं नाही, साहेबांना विचारलं. तेही मी लक्षात ठेवलं.

एकेक डिस्क काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी पुसलेली धरून पाच. खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात धरली. मग त्यांनी दत्तूमामांना असा प्रश्न विचारला, की मला वाटलं यांचं डोकं फिरलं.

"मामा, कुकू कुठल्या बोटानं लावलं?"

"ह्या." मामांनी अनामिका वर केली.

"एकदाच बुडवून?"

"मग? एका वळीला एक बोट. एका लायनीतली मशीनं म्हंजी एका आईची लेकरं. मधीच परत बोट बुडवायचं न्हाई. आमच्या वस्तादांची शिस्त हाय ती."

कांबळे हसले. "म्हणून शेवटच्या लेथवाला दरसाल भांडतोय की न्हाई तुमच्यासंगं? 'माझ्या मशीनला नुसतं बोट लावतासा, कुकू कुठं हाय?' म्हणून?"

"त्येला म्हणावं दाराजवळच्या मशीनवर बदली घे."

"दाराजवळनंच सुरू करतासा तुम्ही. कायम."

"दारापासनंच. हितंबी दाराकडच्या डब्यापासनं एकेक काढत गेलो."

तेव्हा मला कळलं. आणि कळताक्षणी हेवा वाटला; ड्रॉइंग मिळतील हे मनातही आलं नाही. बारा वर्षं मीही तीच पूजा पाहत होते. नाही, मी यादी पाहत होते. पूजेच्या वेळी सगळे हात जोडून डोळे मिटत. कांबळेंच्या घरी बुद्धवंदना. ते हात जोडत नसत, दारात उभे राहून बघत आणि प्रसादाचा पेढा मात्र दोनदा मागून घेत. त्या नवमीला तर ते सकाळीच गेले होते, दसऱ्याला गावच्या विहारातल्या कार्यक्रमाची तयारी त्यांच्याकडे होती. म्हणजे डिस्कांची पूजा त्यांनी पाहिलीच नव्हती. पण दत्तूमामांचं बोट त्यांना ठाऊक होतं.

"साहेब, हे बघा." त्यांनी डिस्क उजेडात मांडल्या. "हिच्यावर ठिपका भरलेला हाय. हिच्यावर त्याहून कमी. हिच्यावर कडा तेवढ्या उमटल्यात. आणि हिच्यावर नुसती पुसट सावली. एका बोटाचं कुकू सरत गेलंय. हाच क्रम."

"चारच झाल्या," दादासाहेब म्हणाले. "पाचवी?"

पाचवी स्वच्छ होती. लखलखीत.

"मामा, हिला लावायचं इसरला?"

"न्हाई," दत्तूमामा म्हणाले. "पाचबी लावल्यात."

"काहीच न्हाई हिच्यावर."

"आठ्ठावीस वर्षांत एक मशीन सोडलं न्हाई म्या, आन् ह्यो डबा सोडीन?" म्हातारा खरोखर दुखावला होता.

"सोडला न्हाई हो. पण शेवटाला बोटावर काही उरलंच नसंल. म्हंजे ही शेवटची. पाचवी." कांबळे वळले. "साहेब, लावतो मी."

विचार अगदी बरोबर होता. दिसत होतं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. फक्त ती डिस्क पाचवी नव्हती. तिच्यावर किती कुंकू होतं ते या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

त्यांनी भरलेल्या ठिपक्याची डिस्क दाराकडच्या पहिल्या खणात सरकवली. मी बघत होते. दुसरी. मी काही न बोलता उभी राहिले असते तर काय झालं असतं, हे मी तिथे उभी राहून क्रमाने तपासलं, जसं सगळं तपासते तसं. सर्व्हर सुरू झाला असता. सुरू होताना त्याने चुकीचं लिहिलं असतं. पाच महिन्यांची ड्रॉइंग गेली असती. आणि ती दादासाहेबांच्या समोर, कांबळेंच्या हातून गेली असती. माझ्या नव्हे. पूजा मामांची, क्रम कांबळेंचा. माझ्या नावावर काहीच लागलं नसतं. त्यांनी तिसरी सरकवली. चौथी. मला हा हिशोब आवडला होता. हे लिहायला आजही जड जातं, पण आवडला होता.

मग दत्तूमामा कुणालाच उद्देशून नव्हे असं पुटपुटले, "लावलं व्हतं म्या."

"थांबा," मी म्हणाले.

ड्रॉवर उघडला. पिवळं फडकं काढून टेबलावर पसरलं. मध्ये आठ आण्याच्या नाण्याएवढा गडद लाल डाग, भोवती हळदीचा.

"ती मी पुसली. सकाळी. तिच्यावर सगळ्यात जास्त होतं."

दादासाहेबांनी आधी फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का पुसलीसा?"

"सवय," मी म्हणाले. ते अर्धं खरं होतं.

"बघा! म्हटलं न्हवतं मी?" दत्तूमामा एवढे खूश झाले, की बाकी सगळं ते विसरले. "पयल्या डब्याला दाबूनच लावतोय मी. पयला मान असतोय."

कांबळे माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजलं होतं. मी कधी पुसलं, का पुसलं, आणि चार डिस्क आत जाईपर्यंत का गप्प होते, तेही. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं मॅडम, फडकं धुतलं न्हाईसा." आणि चारही डिस्क परत बाहेर काढून एकेक खण पुढे सरकवल्या. लखलखीत डिस्क पहिल्या खणात गेली.

"सुरू करू का?" त्यांनी विचारलं. या वेळी मला.

बटण मी दाबलं. पंख्यांचा आवाज आला. डिस्कांचा घुमण्याचा आवाज आला. मी बीपची वाट बघत होते. दिवे केशरी झाले, मग पहिला हिरवा, दुसरा, तिसरा... पाचही. बीप आला नाही. स्क्रीनवर ओळ आली की लॉजिकल ड्राइव्ह तयार आहे. इंजिनिअर फोनवरून "काय झालं? काय झालं?" करत राहिला.

कांबळेंनी त्यांच्या टेबलावरून ड्रॉइंग उघडलं. गिअरबॉक्स हाउसिंग, रिव्हिजन सी. रेघ न् रेघ जागेवर. दादासाहेबांनी त्यांच्या पाठीवर असा हात मारला की त्यांचा चष्मा नाकावर घसरला. "अरे वाघा!" ते म्हणाले. मी मागे उभी होते, हातात फडकं. माझ्या पाठीवर हात मारायचं काही कारण नव्हतं, हे मला कळत होतं. तरी वाट बघितली.

जाताना दादासाहेब म्हणाले, "मॅडम, सगळ्याचा रीतसर रिपोर्ट करा. फायलीला राहू दे. आणि कांबळ्यांचं नाव ठळक लिहा."

त्या दिवशी दुपारी जेवणाआधी मी पुढची कामं केली. पाचही डिस्कांवर कायम शाईने नंबर लिहिले. झडपेची किल्ली माझ्या जुडग्यात घातली. टेप ड्राइव्हचं हेड साफ केलं, नवी टेप घेतली आणि तिच्यावरून तीन ड्रॉइंग परत आणून उघडून बघितली. दत्तूमामांची मशीन शॉपमध्ये जाऊन सगळ्यांसमोर माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, पुढच्या साली त्या डब्यास्नी भायरनंच लावतो." मग रिपोर्ट लिहिला. दीड पान. त्यात होतं : पूजेच्या वेळी डिस्कांचा क्रम बदलला, त्यावरील कुंकवाच्या खुणांवरून मूळ क्रम निदर्शनास आला, माहिती पूर्णपणे परत मिळाली. कांबळेंचं नाव त्यात नव्हतं. फडकंही नव्हतं. खाली माझी सही.

ग्राहकाची माणसं ठरल्या दिवशी आली, कास्टिंग मोजलं, मान्य केलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी सिस्टीम्स मॅनेजरची पाटी माझ्या टेबलावर आली.

आनंद झाला. तो साधारण पंधरा दिवस टिकला. मग दादासाहेब प्रिंटर अडकला म्हणून आले असताना सहज बोलून गेले, "कांबळ्यालाच विचारलं होतं आधी. न्हाई म्हटला. म्हणाला, मॅडमच करू देत, याद्या त्यांच्याकडं हाईत. मला ड्रॉइंगच बरं." प्रिंटर सुरू करून दिला. पाटीकडे बघितलं. जी जागा त्यांना मिळू नये म्हणून मी चार डिस्क आत जाईपर्यंत गप्प उभी राहिले होते, ती त्यांनी ताटातली नको असलेली भाजी बाजूला सारावी तशी सारली होती. हेवा गेला नाही. त्याला फक्त नवीन कारण मिळालं.

कांबळेंनी रिपोर्ट वाचला होता, कारण फाइल त्यांच्या सेक्शनमधूनही फिरली. एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "रिपोर्ट झकास झालाय मॅडम. फकस्त एक ऱ्हायलं. निदर्शनास आलं ते कुणाच्या?" आणि हसून कप विसळायला गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही. पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं, उद्यमनगरात. चांगलं चालतं असं ऐकते. म्हणजे ऐकून घेते.

या सगळ्यातून मी जे शिकले ते कामापुरतं सांगते. टिक केली म्हणजे काम झालं असं नाही. टिक केली एवढंच झालं. बॅकअप परत आणून बघितल्याशिवाय तो बॅकअप नव्हे. सारखे दिसणारे पार्ट सारखे नसतील तर नंबर मारा. आणि काही बिघडलं असेल तर आधी काहीही पुसू नका.

मी निवृत्त झाले तेव्हा रजिस्टर घरी आणलं. रिपोर्टची प्रतही त्यात आहे. कांबळेंचा अजून दर दसऱ्याला फोन येतो. "मॅडम, डबं मोजलं का?" एवढंच विचारतात आणि हसतात. मी म्हणते, "मोजले." मग दोघंही इकडचं तिकडचं बोलतो आणि ठेवून देतो. फोन ठेवल्यावर मी त्या दिवसाचं पान उघडते. त्यावर चार कामांपुढे हिरवी टिक आहे. पाचव्या ओळीत लिहिलंय : 'रिपोर्टमध्ये कांबळेंचं नाव व फडक्याचा उल्लेख घालून दुरुस्त प्रत त्यांना देणे.'

ती ओळ दर वर्षी नव्या डायरीत उतरवते. या वर्षीच्या डायरीतही उतरवली आहे. टिक बाकी.